एका चाकावरचं इरलं

टक, टक.

आषाढातल्या दुपारी पागोळ्यांनी घर चहूबाजूंनी वेढलेलं असायचं, कोळवणच्या खोऱ्यातला समोरचा डोंगर ढगाने पार पुसून टाकलेला असायचा, आणि त्या अखंड ओल्या आवाजाच्या पोटातून हा दुसरा आवाज यायचा. कोरडा, नेमका, बोटाच्या पेराचा. मान वर न करताही मला कळायचं, कमळवन्सं आल्या. कमळवन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. दिसेल त्या वस्तूवर पेर वाजवून पाहायचं, ही त्यांची सवय. दारावर, पाण्याच्या पिंपावर, परसातल्या लाल भोपळ्यावर, माझ्या पिठाच्या गिरणीतल्या डब्यांवर. एकदा तर घरी आलेल्या पाहुण्याच्या हेल्मेटवर, आणि तेव्हा ते त्याच्या डोक्यातच होतं.

"लोखंड खोटं बोलत न्हाई, मंगल," त्या म्हणायच्या. "वाजवलं की सांगतंय, कुटं पोकळ हाय."

"आणि माणूस?"

"माणसाला वाजवायला लागत न्हाई. ते आपणहून वाजतंय."

त्यांना डोळ्यांसमोर आणायचं तर आधी एक निळा उजेड आणावा लागतो. आमची गुरं गेल्यापासून रिकामा पडलेला गोठा त्यांनी आपला कारखाना केला होता. बाहेर सगळं राखाडी: आभाळ राखाडी, पाणी भरलेली भातखाचरं राखाडी, पावसात उभी असलेली झाडंसुद्धा आपला हिरवा रंग हरवून बसलेली. अशा वेळी गोठ्याच्या दारातून वेल्डिंगचा निळा-पांढरा लोळ उठायचा, भिंतीवर सावली थरथरायची, आणि क्षणभर सगळ्या खोऱ्यात उजेडाचा मालक तो एवढा एकच दरवाजा आहे असं वाटायचं. उजेड विझला की डोळ्यांवरची काळी काच कपाळावर चढवून वन्सं बाहेर यायच्या. साडीवरून माझ्या नवऱ्याचा जुना शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि हातांवर ठिणग्यांनी पाडलेले बारीक पांढरे डाग. दुसरी बाई ते पदराखाली झाकेल. वन्सं कुणी विचारलं नाही तरी हात पुढे करून दाखवायच्या, जसे काही ते डाग म्हणजे गोठ-पाटल्याच.

नम्रता हा गुण त्यांना कुणी दिला नाही आणि त्यांनी कधी मागितलाही नाही. हिंजवडीच्या कंपन्यांच्या पाठीशी जांबे गाव आहे. तिथे भाड्याच्या खोल्यांच्या इमारती पावसाळ्यातल्या छत्र्यांसारख्या उगवत गेल्या, आणि त्यातल्या निम्म्या खिडक्यांच्या जाळ्या आपल्या हातच्या आहेत असं त्या शपथेवर सांगत. नवऱ्याचं घर सोडून त्या आमच्याकडे आल्या तेव्हा का आल्या ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ओटीवरची खाट मी त्यांना रिकामी करून दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला न विचारता जीपमध्ये बसून कामाच्या शोधात निघाल्या. जांब्याच्या एका शेडमध्ये आधी झाडू हातात आला, मग पाईप धरायचं काम, मग एक दिवस वेल्डिंगचा होल्डर. तिथून त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. दुसऱ्यांच्या खोल्यांना दारं-खिडक्या बसवून त्या संध्याकाळी आमच्या ओटीवर परत यायच्या. या गोष्टीत काही विसंगती आहे असं मला तेव्हा कधी वाटलं नाही. कामाच्या माणसाकडे आपण काम म्हणूनच पाहतो.

आता सावडीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. आमच्याकडे आवणी, म्हणजे भाताची लावणी, सावडीने होते. आज सगळ्या बायका माझ्या खाचरात, उद्या सगळ्या तुझ्या. बाईला बाई, दिवसाला दिवस. जिच्या घरची बाई दुसऱ्याच्या चिखलात उतरत नाही, तिच्या चिखलात कुणी उतरत नाही. हा नियम आमच्या वाडीत मी चालवते, आणि कडक चालवते. खालच्या वाडीने एकीला सूट दिली, मग दुसरीला, आणि आता तिथल्या खाचरांत गवत आहे, गवताला तारेचं कुंपण आहे आणि कुंपणावर प्लॉट विकण्याची पाटी आहे. उरल्यासुरल्या बायका हिंजवडीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायला जातात. मजुरीने माणूस मिळण्याचे दिवस संपले. जे काही उरलंय ते सावडीवर उभं आहे.

त्या वर्षी सुगंधाचं मूल अंगावर पीत होतं. सुगंधा आमच्या शेजारची सून. नवरा कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर, सासू कंबर मोडून अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे लेकीला घरी ठेवायचं तर सांभाळणारं कुणी नाही. आणि नवऱ्याने आधीच बोलून दाखवलं होतं, की यंदा रान पडीक राहिलं तर ते विकून टाकू, निदान विचारणारे दारात उभे आहेत. सुगंधाला ते रान हवं होतं. का, हे तिने कधी नीट शब्दांत मांडलं नाही. पण रोपांच्या वाफ्याकडे ती दिवसातून किती वेळा जाऊन यायची ते माझ्या गिरणीच्या दारातून दिसायचं.

"काकू, मी येते सावडीला," ती म्हणाली. "हिला बांधावर छत्रीखाली ठेवीन."

"ह्या वाऱ्यात? छत्री तुझ्या आदी तुझ्या घरी पोचंल."

"मग काय करू? तुमीच सांगा."

नियम माझा होता, मूल तिचं होतं, आणि पाऊस कुणाचाच नव्हता. तेवढ्यात ओटीवरून टक टक ऐकू आलं. वन्सं बसल्या जागी खाटेच्या पायावर पेर वाजवत होत्या.

"मी गाडा करते," त्या म्हणाल्या. "जाताना रोपं न्यायची. बांधावर पोचलं की उघडायचा, झालं घर. त्यात पोर झोपंल, भाकरी कोरडी ऱ्हाईल, आन् म्हातारीला बसायला बी जागा व्हईल."

"म्हातारी कोण?" मी विचारलं.

"तू. आज न उद्या व्हशीलच की."

मग चार-पाच संध्याकाळी गोठ्यातून निळा उजेड हलला नाही. बांध अरुंद म्हणून चाक एकच, भंगारातल्या मोटारसायकलचं. मागे ढकलायला दोन मुठी. चाकावर उथळ पाटी, आणि पाटीच्या चारही कडांना उभ्या करता येतील अशा चार भिंती, वर छप्पर. कापडाच्या जागी फ्लेक्स. कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा, चौकातून उतरवून रस्त्याकडेला टाकलेला. हात जोडलेला तो हसरा चेहरा छपरावर आला. पुढे दार, दाराला कडी. एका भिंतीत खिडकी आणि खिडकीला जाळी.

"जाळी कशाला, वन्सं?"

"चोर आला म्हंजी?"

"बांधावर? आवणीत?"

त्यांनी जाळीवर पेर वाजवलं, जरा विचार केला. "हाताला सवय हाय," त्या म्हणाल्या.

चूक तिथेच होती, पण ती आम्हाला दोघींनाही दिसली नाही. इतकी वर्षं ज्यांनी खोल्या बांधणाऱ्यांसाठी काम केलं, त्यांच्या हातून निवारा म्हणून खोलीच घडणार. गाडा देखणा झाला होता. वन्संनी तो वाडीतून मिरवत नेला, प्रत्येक दारासमोर उभा केला, मिटला, उघडला, परत मिटला. पोरं मागे धावत होती, कुत्री भुंकत होती, आणि वन्संच्या चेहऱ्यावर लग्नातल्या वरमाईचं तेज होतं.

चाचणी आमच्या वरच्या खाचरात झाली. गाड्यात टांगलेल्या झोळीत बाळाच्या जागी परसातला लाल भोपळा, दुपट्यात गुंडाळलेला. हे मात्र मी सुचवलं. जिवंत मूल घालून चाचणी करण्याइतका विश्वास माझा कशावरच नाही. पाऊस सरळ पडत होता तोवर सगळं छान होतं. मग खिंडीकडून वारा आला. चार भिंतींनी तो वारा शिडासारखा पोटात भरून घेतला, गाडा एका चाकावर क्षणभर डोलला, आणि उलटून थेट खालच्या खाचरात गेला. पुढारी पाठीवर पडून चिखलातून आभाळाला हात जोडत होता. भोपळा दुपट्यासकट पाण्यावर तरंगत बांधाला येऊन लागला.

हसू आधी मलाच आलं. मग सगळ्याच हसल्या. मग मी वर पाहिलं, तर वरच्या बांधावर सुगंधा उभी होती, लेकीला छातीशी घेऊन. तिची नजर भोपळ्यावर होती. तिने लेकीच्या डोक्यावरचा पदर घट्ट केला आणि घराकडे वळली.

त्यानंतर टक टक थांबलं. त्या शांततेचं वर्णन करणं कठीण आहे, कारण पावसाळ्यात शांतता नसतेच. पागोळ्या असतात, बेडूक असतात, ओढा असतो. तरीही घरात काहीतरी बंद पडलेल्या घड्याळासारखं वाटत होतं. वन्सं वाटेने जाताना हात पाठीमागे बांधून चालायच्या. चिखलाने माखलेला गाडा गोठ्यात भिंतीकडे तोंड करून उभा होता, वर्गात शिक्षा झालेल्या मुलासारखा. इकडे आवणी तोंडावर आली होती. रोपं हातभर झाली होती आणि सुगंधाच्या वाफ्यातली सर्वांत चांगली होती, हे सगळ्यांना दिसत होतं.

मी भावनेत रमणारी बाई नाही. सरपण ओलं झालं, चूल धुरत होती, म्हणून मी माळ्यावर चढले आणि कोरडं जे काही मिळेल ते खाली टाकायला लागले. मोडकी सुपं, फाटकी टोपली, आणि सासूबाईंचं इरलं. प्लास्टिकचे कागद आले तेव्हापासून ते कुणी डोक्यावर घेतलं नव्हतं. बांबूच्या कांब्यांची जाळी, तीत दाबून बसवलेली पानं, आकार पालथ्या होडीसारखा; डोक्यावर घेतलं की मागे कमरेपर्यंत पाठ झाकायची आणि दोन्ही हात रोपं लावायला मोकळे. उंदरांनी एक कड कुरतडली होती. मी ते मोडायला गुडघा लावणार, तेवढ्यात वन्संनी माझ्या हातातून ओढून घेतलं.

त्यांनी त्यावर पेर वाजवलं. इरल्याला आवाज नसतो. त्यांनी पुन्हा वाजवलं, कान लावला, मग ते डोक्यावर घेतलं आणि भर पावसात अंगणात जाऊन उभ्या राहिल्या.

स्वयंपाकघराच्या दारातून मी पाहत होते. वारा खिंडीकडून आला. वन्संनी त्याच्याकडे पाठ केली. वारा जरा वळला, वन्संही वळल्या. अंगणाच्या मधोमध, जात्याएवढ्या जागेत, ती थोराड बाई हळूहळू स्वतःभोवती फिरत होती. पावसाच्या सरी इरल्यावरून घरंगळत होत्या, आणि तिच्या पोटापुढची हातभर जमीन मात्र झोडपली जात नव्हती. आवणी करताना आम्ही सगळ्या हेच करतो. रांगेने मागे मागे सरकतो, वारा फिरला की रांगच्या रांग फिरवतो. उभा जन्म केलेली गोष्ट, कुणी करताना पाहिली की वेगळीच दिसते.

"मंगल," त्या ओरडल्या, "ह्याला दार न्हाई! भिंत बी न्हाई! नुसती पाठ हाय!"

"आत या आधी."

"माय मला ह्याच्याखाली पाजायची. उभ्या रानात."

"मग जाळायचं नाही असं समजू?"

"जाळ की," त्या आत येत म्हणाल्या, आणि इरलं माझ्या हातात दिलं. "माप घेतलं म्या."

मी ते जाळलं नाही. भिजलं होतं, पेटलं नसतं.

दुसरा गाडा पहिल्यापेक्षा लवकर झाला, कारण त्यात कमी गोष्टी होत्या. भिंती गेल्या, दार गेलं, कडी गेली, जाळी काढताना वन्सं जराशा हळहळल्या पण तीही गेली. चाक, पाटी आणि मुठी राहिल्या. पाटीवर बांबूच्या कांब्यांची एक मोठी कमान, एका कडेला बिजागरीने जोडलेली. रोपं नेताना ती भारावर झाकणासारखी पालथी पडायची, तेव्हा गाडा कासवासारखा दिसायचा. बांधावर थांबलं की कमान त्या कडेवर उभी करायची, मुठी खाली वळवून चिखलात रोवायच्या, आणि कमानीच्या पोटात झोळी टांगायची. एवढंच. उघडी बाजू आमच्याकडे, पाठ वाऱ्याकडे. वारा फिरला तर मुठी उपटून गाडा चाकावर फिरवायचा आणि पुन्हा रोवायच्या. कमानीवर तोच फ्लेक्स ताणला, आणि या वेळी पुढारी पाठीच्या बाहेरच्या अंगाला आला, पावसाला सामोरा.

"येवडा पाऊस त्यानं जन्मात अंगावर घेतला नसंल," बायका म्हणाल्या.

"घेऊ द्या. मतं मागायला येतुया तवा आपुन न्हाई का उन्हात उभ्या ऱ्हात?" वन्सं म्हणाल्या.

सावडीचा पहिला दिवस माझ्या खाचरात होता. सुगंधा येईल की नाही मला माहीत नव्हतं आणि मी बोलावणं पाठवलं नाही. नियमात बोलावणं नसतं. ती आली. गाड्यापुढे उभी राहिली. कांब्या हाताने दाबून पाहिल्या, झोळीच्या गाठी ओढून पाहिल्या, दोनदा. वन्सं बाजूला उभ्या होत्या, एकही बढाई न मारता, आणि त्यांचं असं गप्प उभं राहणं मी तेवढं एकदाच पाहिलं.

"आत्या," सुगंधाने विचारलं, "भोपळा कुटाय?"

"खाल्ला आमी," वन्सं म्हणाल्या. "भाजी केली मंगलनं. गुळमाट निगाला."

सुगंधा हसली नाही, पण तिने लेकीला झोळीत ठेवलं आणि चिखलात उतरली.

दुपारच्या सुमारास वारा फिरला. खिंडीकडून येणारा वारा धरणाच्या अंगाला वळतो तेव्हा आधी खाचरातल्या पाण्यावर शहारे येतात, मग रोपं झुकतात, मग माणसं. रांगेतल्या सगळ्या कंबरा एकदम सरळ झाल्या. गाड्याच्या उघड्या बाजूने पाऊस आत शिरणार होता. वन्सं बांधाच्या टोकाला होत्या. धावल्या असत्या तर पोचल्या असत्या. त्या धावल्या नाहीत. तिथूनच हात गोल फिरवून ओरडल्या, "फिरीव!"

सुगंधाने हातातली मूठभर रोपं माझ्या हातात दिली, बांधावर चढली, मुठी उपसल्या आणि गाडा एका चाकावर फिरवला. सहज, जात्याचा खुंटा फिरवावा तसा. मुठी परत रोवल्या, त्यांवर पाय देऊन दाबल्या. वारा कमानीच्या पाठीवर आदळला, फ्लेक्स गरजला, कांब्या वाकल्या आणि पुन्हा सरळ झाल्या. गाडा हलला नाही. सुगंधाने वाकून झोळीत पाहिलं. मग खाली उतरली, माझ्या हातातली रोपं घेतली आणि रांगेतली आपली जागा धरली. तिने फक्त लावण्याचा वेग वाढवला, आणि आम्हा सगळ्यांना तिच्याबरोबर राहणं भाग पडलं.

अभिमान हा शब्द मी सहसा वापरत नाही. सत्काराच्या भाषणांत तो फार गुळगुळीत झालाय. पण त्या क्षणी गुडघाभर चिखलात उभी राहून मी बांधाच्या टोकाकडे पाहिलं. तिथे साडीवर पुरुषी शर्ट चढवलेली, भिजून चिंब झालेली माझी नणंद कमरेवर हात ठेवून उभी होती. मला जे वाटलं त्याला दुसरा शब्द नाही.

"बगितलंस का मंगल?" त्या ओरडल्या. "बगितलंस का?"

"बघितलं!"

"न्हाई, नीट बगितलंस का?"

ही विचारणा पुढे पोळ्यापर्यंत चालली. एसटीच्या कंडक्टरलाही त्यांनी गाड्याची कहाणी ऐकवली, आणि तो आपल्या थांब्यावर उतरायला विसरला असं त्या सांगतात; कंडक्टर कुठे उतरतो हे मी त्यांना विचारलं नाही.

सुगंधाच्या खाचरात सावड शेवटी गेली, सगळ्यांच्या मागून, कारण तिचा नंबर तसा होता. सगळ्या गेल्या. एकही बाई कमी नव्हती. भाद्रपदात तिच्या बांधावरून जाताना ते रान पाहिलं. वारा त्यावरून हात फिरवल्यासारखा जात होता आणि भात आपली पाठ वळवून पुन्हा उभं राहत होतं. विचारणारे दारात येऊन गेले म्हणे. तिच्या नवऱ्याने त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

वन्सं आता जांब्याला असतात. शेजारच्या वाड्यांनी गाडे मागितले, मग पलीकडच्या खोऱ्यांनीही. आमचा गोठा पुरेना. त्यांनी स्वतःची शेड घेतली आणि शेडच्या मागे स्वतःसाठी एक खोली बांधली. खिडकीला जाळी आहे. मी पाहून आले. खाट आमच्या ओटीवरचीच नेली, न विचारता. यंदा आवणीला येणं जमणार नाही असा त्यांनी निरोप धाडला, आणि वर एक सूचना: वारा फिरला की गाडा फिरवा, माझ्या नावानं हाका मारत बसू नका.

हाका कुणी मारत नाही. आज सकाळी रोपं भरण्याआधी मी गाड्याच्या कांब्यांवर सहज पेर वाजवलं, आणि सुगंधा माझ्याकडे पाहून हसली तेव्हा मला कळलं मी काय करत होते. तिची लेक आता बांधावर उभी राहते. यंदा झोळीत दुसऱ्या कुणाचं तरी मूल आहे. गेलेल्या माणसाची जागा रिकामी राहते असं म्हणतात. राहत असेल. ओटीवर खाटेच्या चार पायांचे ठसे अजून आहेत, ते सारवणाखाली हळूहळू बुजतील आणि मी ते अडवणार नाही. पण दिवस वाऱ्यासारखे दिशा बदलत राहतात, आणि वन्संची जागा त्या दिवसांबरोबर फिरत बांधावर उभी असते. वाऱ्याकडे पाठ करून, पोटाशी कुणाचं तरी झोपलेलं मूल घेऊन.